गणपतरावांचा छापा

गणपतराव नेसरीकर राज्यपाल झाले तेव्हा कोल्हापुरात सगळ्यात जास्त पेढे वाटले ते मीरासाबने. राज्यपाल नेमकं काय करतो हे ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांच्याही तोंडात त्याने बळेच पेढा कोंबला, आणि कुणी विचारलंच तर सांगितलं, "राजा अस्तोय की न्हाय, तसंच. फकस्त घोड्याऐवजी मोटार." मीरासाब हा बिंदू चौकामागच्या बोळातल्या छापखान्याचा मालक. गणपतरावांचं 'हलगी' नावाचं साप्ताहिक त्याच्याच यंत्रावर वर्षानुवर्षं निघालं होतं. त्यामुळे ते राज्यपालपद अर्धं आपल्याही घरात आलं आहे अशी त्याची पक्की समजूत होती, आणि ती अगदीच चुकीची होती असं काही म्हणता येणार नाही.

त्र्याऐंशी सालच्या हिवाळ्यात गणपतराव नागरी सत्कारासाठी गावी आले. चौकाचौकांत कमानी उभ्या राहिल्या, कधीकाळी त्यांच्या नावाने बोटं मोडणारे लोक हार घेऊन रांगेत उभे राहिले. गणपतराव सर्किट हाऊसच्या व्हरांड्यात बसून सगळ्यांना नमस्कार करत होते आणि मनातून नुसते जळत होते. पुढच्या सोमवारी, इथून फार लांब, ते ज्या राज्याचे राज्यपाल होते तिथल्या एका कोर्टात त्यांच्या हातचा एक शब्द पुरावा म्हणून पुढे येणार होता. त्या शब्दापायी एक निरपराध माणूस तुरुंगात बसला होता. आणि त्या शब्दाचा खरा अर्थ जगात दोघांनाच ठाऊक होता, एक गणपतरावांना आणि दुसरं त्यांच्या सचिवाला.

तो शब्द समजायचा तर 'हलगी'च्या दिवसांत जायला हवं.

गणपतराव नेसरीचे. कॉलेजसाठी कोल्हापूरला आले आणि शिक्षण बाजूला ठेवून वर्तमानपत्र काढून बसले. गावात हलगी वाजली की माणूस जेवता जेवता बाहेर येतो, तसं आपलं वर्तमानपत्र हवं असं ते म्हणायचे, आणि वाजवायचेही तसंच. कुणाची सोसायटी बुडाली, कोण कुणाच्या जिवावर सभापती झाला, सगळं नावानिशी. भाषा अशी की वाचणारा हसायचा आणि ज्याच्यावर लिहिलं तो लाठी शोधायचा. मीरासाबचा छापखाना म्हणजे एक पायाने चालवायचं यंत्र, खिळ्यांची खणं आणि कायम शाईचा वास. खिळा म्हणजे शिशाचं एकेक सुटं अक्षर. ते एकेक उचलून जुळवायचं, तेव्हा कुठे ओळ व्हायची.

शेवटचा कच्चा छाप वाचून झाला की गणपतराव त्यावर ठसठशीत लिहायचे, 'छापा'. खाली नुसतं 'ग'. पुरी सही कधी नाही. तो 'ग' दिसला की मीरासाब यंत्रावर पाय ठेवायचा, त्याआधी नाही. एकदा कुणीतरी गणपतरावांचा आवाज काढून फोन केला आणि एक बातमी गाळायला लावली. तेव्हा भडकून गणपतरावांनीच नियम घातला की फोनवरचं काहीही मानायचं नाही. एकदा 'छापा' लिहिलं की लिहिलं. बदल हवा असेल तर मी दुसऱ्या कागदावर लिहून देईन, नाहीतर माझा बाप आला तरी यंत्र थांबवायचं नाही.

सहासष्ट साली 'हलगी'ने रेशनवर मिळणाऱ्या मिलो ज्वारीत खडे सापडल्याचं छापलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पोलिसांनी छापखान्यावर छापा घातला. दारात आडवा उभा राहिला म्हणून मीरासाबच्या कानाखाली बसली, आणि खिळ्यांची खणं बोळात उपडी केली गेली. हजारो अक्षरं मातीत मिसळली. ज्याने ते पाहिलेलं नाही त्याला ते सांगून कळायचं नाही. मीरासाबची बायको सुगरा घरातून सूप घेऊन आली. तिला वाचता येत नव्हतं, पण ती बोळात मांडी घालून बसली आणि एकेक खिळा डोळ्यांजवळ धरून त्याच्यासारखाच दुसरा शोधायला लागली. मग गल्लीतल्या बाया आल्या, आपापली सुपं घेऊन. गणपतराव त्यांच्यात बसले होते. रडू येत होतं ते लपवायला त्यांनी विनोद केला, "मीरासाब, शबूद एकच बघ. आपला छापा निघतो, त्यांचा छापा पडतो." सगळे हसले. पुढे कितीतरी वर्षं हा विनोद त्या छापखान्यात चालला. कुणीही आला की विचारायचा, आज कुठला छापा, आपला का त्यांचा?

सत्तेला बोचणाऱ्या माणसाला गप्प करायचे दोन मार्ग असतात. पहिला पोलिसांनी करून पाहिला होता. दुसरा मार्ग म्हणजे त्याला खुर्ची देणं, आणि तो हमखास लागू पडतो. गणपतराव विधान परिषदेवर गेले. मग एका महामंडळावर गेले. 'हलगी' आधी पंधरवड्याने निघू लागली, मग दिवाळीला, मग निघेनाशी झाली. त्यांनी काही वाईट केलं असं नाही. पैसे खाल्ले नाहीत, नातेवाईक चिकटवले नाहीत. फक्त बोलायचे ते हळूहळू कमी झाले, आणि कमी बोलणारा माणूस वरच्यांना फार समजूतदार वाटतो. ऐंशीनंतर त्यांना उत्तरेकडच्या एका हिंदी राज्याचं राज्यपालपद मिळालं. बायको तानाबाई महिनाभर तिकडे राहिली आणि परत आली. "त्या राजवाड्यात मला चूल कुटं हाय त्येच घावंना," असं तिने सुगराला सांगितलं.

पुढे त्या राज्याचं सरकार पडलं, विधानसभा बरखास्त झाली आणि सगळा कारभार राज्यपालांच्या हातात आला. नुसत्या सह्या करणाऱ्या माणसाच्या शब्दाला अचानक पोलीस फुटले.

त्याच सुमारास रामसनेही नावाच्या एका छापखानेवाल्याने राजभवनात एक लेख पाठवला. जिल्ह्याच्या गावी त्याचा एका यंत्राचा छापखाना होता आणि त्यावर तो चार पानी साप्ताहिक काढायचा. सरकारी दवाखान्यातली औषधं बाजारात कशी विकली जातात यावर लेख होता. माणूस भित्रा होता. राज्यपालसाहेब स्वतः एके काळी संपादक होते असं त्याने ऐकलं होतं, म्हणून त्याने अदबीने विचारलं होतं की यात काही गैर नाही ना, हे छापू का? अधिकाऱ्यांनी त्या लेखाची फाईल केली आणि वर टीप जोडली: परवानगी द्यावी की कारवाई करावी, आदेश व्हावा.

गणपतरावांनी लेख वाचला. फार दिवसांनी त्यांना बरं वाटलं. त्यांनी शुद्धलेखनाच्या एक-दोन चुका दुरुस्त केल्या, एक वाक्य आवळलं, आणि हात जणू बिंदू चौकामागच्या बोळातच बसला होता. वर त्यांनी लिहिलं, 'छापा'. खाली 'ग'.

मराठीत त्या शब्दाला दोन तोंडं आहेत. हिंदीत हुकूम म्हणून वाचला तर एकच, पोलिसांचं. आणि ज्या अधिकाऱ्यांनी फाईल परत घेतली त्यांना तेच हवं होतं. दुसऱ्या दिवशी रामसनेहीच्या छापखान्यावर छापा पडला. खिळे पोत्यांत भरून नेले, दाराला सील लागलं, आणि त्याला अशा कलमाखाली आत टाकलं की जामीन मिळेना.

गणपतरावांना कळलं तेव्हा ते ताडकन उठून उभे राहिले. पण सचिवाने त्यांना शांतपणे बसवलं. तो म्हणाला की साहेब, आता तुम्ही असा खुलासा केलात तर सगळी पोलीस कारवाई बेकायदा ठरते, आणि राज्यपालांना सरकारी भाषा येत नाही म्हणून देश हसतो. थोडं थांबा, प्रकरण आपोआप विरेल. गणपतराव थांबले. प्रकरण विरलं नाही, पण थांबण्याची सवय झाली. रोज सकाळी चहाबरोबर त्यांना तो माणूस आठवायचा, आणि रोज सकाळी ते चहा संपवायचे.

सत्काराच्या आदल्या दिवशी दुपारी मीरासाब सर्किट हाऊसवर आला. गणपतरावांचं 'लोकशाही आणि वृत्तपत्रे' हे भाषण पुस्तिका करून वाटायचं ठरलं होतं. आण्णांचं, म्हणजे गणपतरावांचं, छापील काम दुसऱ्या कुणी करायचं नाही म्हणून मीरासाब सत्कार समितीशी हमरीतुमरीवर आला होता. त्याचा मुलगा बादशहा शिरोलीच्या एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला होता. शिसं जुळवण्यापेक्षा लोखंड ओतलेलं बरं, असं तो म्हणायचा. या कामासाठी मीरासाबने त्यालाही रजा टाकायला लावली होती. शेवटचा कच्चा छाप मात्र तो स्वतः घेऊन आला.

दारावरच्या पोलिसाने त्याला अडवलं तेव्हा मीरासाबने बोळात ऐकू जाईल अशा आवाजात पोलिसाचं गाव आणि बाप विचारला. आत येऊन तो सोफ्याच्या कडेवर बसला, चहा बशीत ओतून प्याला, आणि भाषणाचा कागद हातात धरूनच म्हणाला, "आण्णा, एक इचारतो. पेपरात आलं हुतं, तुमच्या लेखी हुकमानं कुठल्या छापखान्यावर धाड पडली म्हणून. म्या समद्यास्नी सांगिटलं, खोटं हाय. आण्णा आनि छापखान्यावर छापा? म्हटलं, त्या दिशी सूर्य मावळतीच्या रंकाळ्यातनं उगवंल. दोन मान्सांशी बोलनं बंद केलंय म्या ह्यापायी. तुमी एक डाव तोंडानं सांगा, मजी मला बास."

गणपतरावांना खोटं बोलता आलं असतं. आधी शब्द जुळवूनही झाले होते. पण समोर शाईने कायमची काळी झालेली ती नखं होती, आणि या माणसाशी ते आजवर कधी खोटं बोलले नव्हते. त्यांनी सगळं सांगितलं. लेख, फाईल, दुरुस्त्या, आणि वर लिहिलेला तो शब्द.

मीरासाब आधी हसला. खोकला लागेपर्यंत हसला. "म्हंजे त्यो आपला छापा हुता! आनि त्यास्नी वाटलं त्यांचा!" डोळे पुसत तो म्हणाला, "मग सांगिटलंसा न्हवं त्यास्नी?"

"न्हाय सांगिटलं," गणपतराव म्हणाले.

"त्यो मानूस कुटं हाय मग?"

"आत हाय."

"आनि खिळं?"

"पोत्यांत."

मीरासाबचं हसू गेलं. त्याने बशी टेबलावर सरकवली. मग म्हणाला, "सुगराला सांगू नगासा ह्ये. ती सूप घिऊन निघंल तिकडं."

हे तो चिडून बोलला असता तर गणपतरावांना सोसलं असतं. पण तो साधेपणाने, खरंच काळजी वाटल्यासारखा बोलला. त्यांना लाज वाटली, स्वच्छ लाज, एवढ्या दिवसांत पहिल्यांदा. त्यांनी कागद ओढून घेतला आणि तिसऱ्या पानाच्या समासात लिहायला लागले. अक्षर जुनंच होतं.

'एका गरीब छापखानेवाल्याने मला विचारलं, लेख छापू का. मी त्यावर छापा असं लिहिलं. पोलिसांनी तो शब्द त्यांच्या अर्थाने घेतला आणि त्याच्यावर छापा घातला. तो तुरुंगात आहे. शब्द माझा होता. चूक कळल्यावर मी गप्प बसलो, ही माझी दुसरी चूक, आणि ती पहिलीपेक्षा मोठी आहे.'

मग पहिल्या पानावर त्यांनी लिहिलं, 'छापा'. खाली 'ग'.

मीरासाबने वाचलं, कागदाची घडी केली, कोटाच्या आतल्या खिशात घातली आणि उठला. दाराशी वळून म्हणाला, "आता कसं 'हलगी'वानी वाटतंय." गणपतरावांना त्या घटकेला इतकं हलकं वाटलं की त्यांनी आणखी एक चहा मागवला.

तो चहा यायच्या आत सचिव आला. त्याचा चेहरा फुलला होता. दिल्लीहून फोन होता. एका मोठ्या राज्यासाठी गणपतरावांचं नाव नक्की झालं होतं, आठवड्याभरात जाहीर होणार होतं. तोवर फक्त कुठे काही वावगं होऊ नये, एवढीच वरची इच्छा होती.

माणसाचं धैर्य किती वेळ टिकतं हे बघायचं असेल तर त्याला भीती घालू नये, बढती द्यावी. गणपतरावांनी चहा नुसता समोर ठेवला. मग म्हणाले की छापखान्यात फोन करून सांगा, समासात लिहिलेला मजकूर घेऊ नका. सचिवाने शेजारच्या खोलीत जाऊन फोन केला आणि परत येऊन सांगितलं की काम झालं, मालक 'बरं' म्हणाला.

सचिव गेल्यावर गणपतरावांना तो नियम आठवला. फोनवरचं काही मानायचं नाही. चिठ्ठी हवी, आणि चिठ्ठीवर 'ग'. त्यांनी कागद घेतला, पेनचं टोपण काढलं. आणि मग तसेच बसून राहिले. लिहिलं तर आपण भ्याड, हे त्यांना दिसत होतं. न लिहिलं तर आपण गेलो, हेही दिसत होतं. शेवटी त्यांनी टोपण लावलं आणि मनाची समजूत घातली की मीरासाब आता म्हातारा झाला आहे, एवढा जुना नियम कोण लक्षात ठेवतो. पुढे काय होईल ते त्यांनी दुसऱ्याच्या गळ्यात घातलं, आणि ही गोष्ट ते राजभवनात पुरती शिकले होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गांधी मैदान भरलं. मीरासाब पहिल्या रांगेत होता. अंगात बादशहाच्या लग्नात शिवलेला कोट आणि डोक्याला तांबडा फेटा. यंत्रावरून थेट मैदानात आलेल्या पुस्तिका रांगांतून वाटल्या गेल्या. शाई अजून ओली होती, लोकांच्या बोटांना लागत होती. व्यासपीठावर गणपतरावांच्या हातातही एक आली. त्यांनी तिसरं पान उघडलं. मजकूर होता, शब्दाला शब्द, एकही खिळा इकडचा तिकडे न होता.

मीरासाबने फोन घेतला होता, 'बरं' म्हणाला होता, आणि बादशहाला सांगितलं होतं की फोनवर कोन बी बोलंल, चिठ्ठी आली तर काढू. हे गणपतरावांना नंतर कळलं. तेव्हा त्यांना एवढंच कळलं की मैदानात पानं उलटल्याचा आवाज येतो आहे आणि बोलणी थांबत चालली आहेत. सचिव मागून वाकला. कानात म्हणाला की छपाईची चूक आहे म्हणून सांगा, बाकीचं मी बघतो.

गणपतराव उठले. माईक जवळ घेतला. आणि त्यांच्याच कानांना परका वाटेल अशा संथ, राज्यपाली मराठीत म्हणाले, "पुस्तिकेच्या तिसऱ्या पानावर छपाईत एक चूक झालेली आहे. तो मजकूर माझा नाही."

पहिल्या रांगेत मीरासाबने मान वर केली. तो एवढंसं तोंड करून त्यांच्याकडे बघत राहिला, आणि मग त्याचा हात कोटाच्या आतल्या खिशाकडे गेला. गणपतरावांना ठाऊक होतं तिथे काय आहे. काम वाटून होईपर्यंत सहीचा कागद अंगावर बाळगायची त्याची जुनी रीत होती. तो कागद नुसता वर धरला असता तर सगळं तिथेच संपलं असतं. हात खिशात गेला, तिथे जरा थांबला, आणि रिकामा बाहेर आला.

मीरासाब उभा राहिला आणि लोकांकडे वळला. "मंडळी, चूक माजी हाय," तो म्हणाला. "पुस्तकं परत द्या."

आणि तो रांगेतून फिरू लागला. एकेकाच्या हातातून पुस्तिका काढून घ्यायची, छातीशी धरलेल्या गठ्ठ्यावर ठेवायची, पुढे जायचं. लोक काय गप्प बसतात? कुणी विचारलं डोळं गेलं काय मीरासाब, कुणी म्हणालं आता सांगा पोराला चष्मा आणायला. आयुष्यात कधी कुणाचं एक वाकडं अक्षर ऐकून न घेणारा तो माणूस मान खाली घालून म्हणत होता, "चूक झाली. द्या हिकडं." ओल्या शाईने त्याच्या ठेवणीतल्या कोटाची छाती काळी होत चालली होती.

व्यासपीठाच्या पायरीवर एक पोलीस अधिकारी आला. अगदी मर्यादेने, हळू आवाजात त्याने विचारलं की साहेब, त्या छापखान्यावर माणसं पाठवू का?

गणपतरावांनी त्याच्याकडे बघितलं. विचारणारा वाईट नव्हता. तो फक्त शब्दाची वाट बघत होता. मान जराशी हलवली असती तरी पुरलं असतं, आणि थोड्याच वेळात त्या बोळात पुन्हा खणं उपडी झाली असती, पुन्हा सुगरा सूप घेऊन बसली असती. या वेळी तिला दिसलंही नसतं, तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. दूरच्या राज्यातला रामसनेही त्यांनी डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. हा मीरासाब समोर होता.

"न्हाय," ते म्हणाले, आणि ते माईकमधून सगळ्या मैदानाला ऐकू गेलं. "मीरासाब, पुस्तकं परत वाट. मजकूर माझा हाय."

मीरासाब गठ्ठा घेऊन तसाच उभा राहिला. गणपतरावांनी तिसरं पान काढलं आणि वाचलं. शेवटी त्यांनी स्वतःचं एक वाक्य जोडलं, जे कुठेच छापलेलं नव्हतं: "आनि आत्ता तुमच्यासमोर मी तिसरी चूक केली, ती तुमी बघिटलीच." टाळ्या वाजल्या नाहीत. काय करावं हे कुणालाच कळेना. बँडवाल्यांना वाटलं भाषण संपलं, त्यांनी वाजवायला सुरुवात केली, आणि कुणीतरी धावत जाऊन त्यांना थांबवलं.

हार, शाल, मानपत्र, सगळं घाईघाईने उरकलं. गणपतराव पायऱ्या उतरून मीरासाबजवळ गेले. त्यांना वाटलं होतं तो मिठी मारेल, निदान एक शिवी देईल. मीरासाबने खिशातला कागद काढला, घडी उलगडून नीट केली आणि त्यांच्या हातात दिला.

"माझ्यावर ढकललंसा, आण्णा," तो म्हणाला. "मागनं घेटलंसा परत, त्ये खरं. पर एक डाव ढकललंसा."

आणि तो बादशहाच्या मोटारसायकलवर मागे बसून गेला.

गणपतरावांनी सोमवारच्या आत कोर्टाला लेखी कळवलं आणि रामसनेही सुटला. खिळ्यांची पोती त्याला परत मिळाली, सगळी अक्षरं एकमेकांत मिसळलेली. मोठ्या राज्याचं नाव दुसऱ्याच माणसासाठी जाहीर झालं, आणि गणपतरावांना प्रकृतीच्या कारणाने राजीनामा द्यायला सुचवण्यात आलं. प्रकृती ठणठणीत होती, तरी त्यांनी दिला. दिल्लीच्या वर्तमानपत्रांनी एक दिवस विनोद केले आणि विसरून गेले. कोल्हापुरात मात्र काही लोक त्यांना धन्य म्हणाले, काही खुळा म्हणाले, आणि दोन्ही प्रकारचे लोक त्यांच्याकडे यायचे बंद झाले.

उन्हाळा लागताना एके दिवशी सकाळी ते चालत बिंदू चौकामागच्या बोळात गेले. 'हलगी' पुन्हा काढायची असं त्यांच्या मनात होतं. पहिल्या अंकाचा मजकूर त्यांनी आधीच पाठवून दिला होता. मीरासाबने बसा म्हटलं, चहा सांगितला. सुगराने आतून विचारलं की त्या तिकडच्या मान्साच्या बायकोकडं सूप हाय का. मग मीरासाबने कच्चा छाप पुढे ठेवला. सगळं पूर्वीसारखंच होतं, शाईचा वास, खणांवरची धूळ, यंत्राच्या चाकाला बांधलेली चिंधी. गणपतरावांनी चष्मा लावून मन लावून वाचलं, दोन चुका काढल्या, आणि वर लिहिलं, 'छापा'. खाली 'ग'.

मीरासाबने कागद हातात घेतला. बघितला. आणि यंत्राकडे न जाता तो हळूच परत त्यांच्यासमोर ठेवला.

"सही पुरी करा, आण्णा," तो म्हणाला. "नुस्त्या 'ग'वर आता न्हाय व्हायचं."

गणपतरावांनी पुन्हा पेन उचललं, आणि त्या छापखान्यात पहिल्यांदाच आपलं अख्खं नाव लिहिलं.